व्हॅन दोन इंच उंच केली

बाबा, व्हॅन उंच केली. पुढून दीड इंच, मागून दोन. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग विचारलं असतं, मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारी गाडी उंच करून काय मिळवलंस, पुढची चाकं बिचारी नुसती सोबतीला. वागळे इस्टेटच्या आपल्या शॉपमध्ये, गॅरेजात, गाडी उंच करून मागणारी गिऱ्हाइकं यायची, त्यांना तुम्ही चहा पाजून परत पाठवायचात. कमानी, चाकांवरचे ते पोलादी पाटे, वजन पेलायला असतात, रुबाब दाखवायला नाही, असं म्हणायचात. मलाही रुबाब दाखवायचा नाहीये. आईचं माहेर मुरबाडच्या पुढे, डांबर संपल्यावर दीडेक किलोमीटर नुसते दगड, आणि तिथे व्हॅनचं पोट घासतं. मला त्या घरापर्यंत जायचं आहे. आई आता नाही. होळीनंतर आठवड्याने गेली, दुपारी झोपली ती उठलीच नाही. तुम्हाला हे सांगायचं राहिलं होतं. सांगायचं कुठे जाऊन, हा प्रश्न आहेच, पण मनातल्या मनातही मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर डोंबिवलीच्या या घरात मी एकटी उरले हे नक्की झालं असतं, म्हणून मी टाळत होते.

दोन वर्षांपूर्वी मी तिला तिकडे घेऊन निघाले होते. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, घराला कुलूप असतं, पण तिला ओटा बघायचा होता. नुसता ओटा. डांबर संपलं, मी गाडी हळू घेतली, शंभर पावलांवर खालून असा काही आवाज आला की मी करकचून ब्रेक दाबला. आई मधल्या सीटवर दोन्ही हातांनी समोरची पाठ धरून बसलेली. "काय लागलं गं?" "गाडी घासली खालून." "मग राहू दे, फिरव. इथूनच बघते मी." तिथून काहीच दिसत नव्हतं, एक वळण आणि त्यामागे झाडी. ती तेवढंच बघत बसली, मी गाडी मागे घेत राहिले. घरी आल्यावर मीच तिला सांगितलं, किट मिळतं उंच करायचं, बसवता येईल, पण मग तुला चढता येणार नाही. आत्ताच तुझा पाय पायरीवर कसाबसा जातो. ती म्हणाली, "मग नको." त्यानंतर तिने दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा मी तिच्या गुडघ्यांवर बोट ठेवलं आणि दोन्ही वेळा तिने तो सोडून दिला. खाली ठेवली तर गाडी पोहोचत नाही, उंच केली तर आई चढत नाही. हे गणित सुटणारं नाही, असं आम्ही दोघींनी जणू ठरवून टाकलं.

तर आता आई नाही, म्हणून किट मागवलं. एका खोक्यात सगळं आलं. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसणाऱ्या जाड चकत्या, मागे कमान आणि एक्सलच्या मध्ये घालायचे लोखंडी ठोकळे, ते आवळून धरायला लांब यू-बोल्ट. कमानीच्या टोकांना बसणारे रबरी बुश जुने झाले होते, तेही नवीन आणले. ऑफिसात तीन दिवस रजा टाकली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येच गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली. सेक्रेटरी आले. "मॅडम, इथे गॅरेज नाय चालणार हां." मी म्हटलं, गॅरेज नाही, माझी स्वतःची गाडी आहे. "मेकॅनिक कुठंय?" मी पाना दाखवला. तेलाचे डाग पडू देऊ नका, एवढं म्हणून ते गेले. बावन्न वर्षांची बाई गाडीखाली आडवी झाली की लोक फार वाद घालत नाहीत, हे मला नव्यानेच कळलं. जुने यू-बोल्ट गंजून एक झाले होते, त्यातच अख्खा दिवस गेला. ब्रेकचा होज, ती तेलाची रबरी नळी, ताणली जात नाही ना, हे चाक पूर्ण खाली सोडून बघितलं. ठोकळा बसला, कमान टेकली, बुश गेले, आणि मी सवयीने पाना लावून बुशचा नट आवळायला घेतला.

आणि तुमचा हात आला. खरंच तसं वाटलं. मी अकरावीत आहे, मे महिना आहे, वर्तकनगरहून तुमचा डबा घेऊन आलेली मी घरी जायचं नाव काढत नाही. एका टेम्पोच्या कमानी उतरवल्यात, मला बुश घालू दिलेत, आणि मी हुशारी करून चारही नट घट्ट आवळून मोकळी झालेय. टेम्पोवाला समोर उभा आहे. तुम्ही वाकून बघता, माझ्या हातातून पाना काढून घेता, आणि एकेक करून चारही नट ढिले करता. "चाकं लोंबकळतायत हवेत आणि तू आवळतेस? गाडी टेकली की रबर पिळणार. महिन्याभरात फाटेल. मग शिव्या कोणाला, मला." टेम्पोवाला हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी कमानीकडे बघत जिरवलं. तुम्ही जॅक खाली केला, शॉपमधल्या चौघांना हाक मारून टेम्पोत बसवलंत, चाकांवर नीट भार आला, आणि तेव्हा पाना परत माझ्या हातात दिलात. दुसऱ्या कोणाकडेही देता आला असता. त्या पान्याची आठवण मी ऑफिसातल्या कंटाळवाण्या दिवसांवर किती वर्षं पुरवून खाल्ली, ते तुम्हाला माहीत नाही.

तर मी नट सोडून दिला आणि गाडी जमिनीवर घेतली. आता भार हवा. तुमच्याकडे हाक मारली की चार माणसं यायची, मी कोणाला हाक मारू? जिन्यातून येणारी-जाणारी माणसं ओळखीची आहेत, हसतात, लिफ्ट धरून ठेवतात, पण माझ्या गाडीत जरा येऊन बसा हो, नुसतं बसा, असं सांगण्याइतकं जवळचं कोणी नाही. आई होती तोवर हे लक्षातच आलं नाही. ती सगळ्यांशी बोलायची आणि मी तिची मुलगी म्हणून चालून जायचं. शेवटी घरातले पाण्याचे जार भरून आणले, आठ जार, एकेक करून लिफ्टमधून. मागच्या सीटवर चार, त्यांच्या पायाशी चार. मग खाली शिरून आवळलं. मला रडू आलं आणि मी रडले. गाडीखाली कोणी बघायला येत नाही.

राहिली ट्रायल. तुमचा नियम होता, ज्याने आवळलं त्याने मागच्या चाकाच्या वरच्या जागेवर बसायचं, चालवणाऱ्याला मागचं ऐकू येत नाही. मला टेम्पोच्या हौद्यात बसवून तुम्ही कळवा पुलापर्यंत नेलं होतंत आणि सारखे ओरडून विचारत होतात, "बोल, बोल." मी आवळलं म्हणजे मागे मी बसायला हवं, पण मग चालवणार कोण? शेजारच्या काकूंची बेल वाजवली. काकू पंच्याहत्तरीच्या, एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायचा राहिलेला. आईच्या मैत्रीण, माझ्या नव्हे. "मला काय कळतंय गं त्यातलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, कळायला नको, आवाज आला तर कुठून आला तेवढं सांगा. त्या साडी बदलून आल्या. जार काढलेल्या सीटकडे बघितलं, पायरीकडे बघितलं. मी मनात म्हटलं, संपलं, हे आधी सुचायला हवं होतं. त्यांनी वॉचमनला हाक मारली. "अरे, तुझं ते स्टूल दे रे जरा इकडे." त्याने प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं. काकूंनी एक पाय स्टुलावर दिला, दुसरा गाडीत, पदर सावरला आणि बसल्या. "ते स्टूल आत घे, उतरताना लागेल. चल आता."

कल्याण-शीळ रोडने पत्रीपुलापर्यंत गेलो आणि वळलो. सगळ्या स्पीडब्रेकरवरून मुद्दाम घेतली. मी सारखी विचारत होते, काकू, काही वाजतंय? त्या सुनेबद्दल सांगत होत्या, पाण्याच्या वेळा बदलल्या त्याबद्दल, आई भाजणी कशी करायची त्याबद्दल. "वाजत काही नाही गं," मध्येच म्हणाल्या, "मस्त आहे. उंचावरून दिसतं छान. तुझ्या आईला आवडलं असतं." मी आरशात बघितलं नाही.

रविवारी मुरबाडला जाईन. गाडी पोहोचेल, कामाबद्दल मला शंका नाही, तुम्हालाही नसती. हे कागद कोणाला द्यायचे नाहीत, लिहून झाले की फाडेन बहुतेक. पण एक सांगते. वॉचमन त्या स्टुलावर रोज आमच्या व्हॅनशेजारीच बसतो. आईला गाडीत बसवताना त्याने कितीदा तरी ते पायाने बाजूला सरकवून आम्हाला वाट दिली होती. ते स्टूल तिच्या पायाखाली ठेवता येईल, हे मला तेव्हाही सुचलं होतं, बाबा. किटचं बोलणं निघालं त्या पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण तिला न्यायचं म्हणजे गोळ्या, वाटेत बाथरूम शोधणं, चढवणं, उतरवणं, परत आल्यावर दोन दिवस तिचे पाय चेपणं, आणि एकदा ओटा बघून तिचं भागलं नसतं. मी थकले होते, म्हणून गुडघ्यांचं नाव पुढे केलं. आणि तीस वर्षं तुमच्या शॉपवर येऊन टेम्पोच्या पायरीखाली वीट सरकवून चढणारी बाई ती, तिला स्टूल सुचलं नसेल असं मला वाटत नाही. तिने माझं तोंड बघितलं असणार आणि मग नको म्हणाली असणार.