गुरुजींचं घड्याळ

लुंबिनी, पौर्णिमेची संध्याकाळ.

गुरुजींनी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला, तिथंच माझं सगळं पालटलं.

सकाळी मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ, थाई विहार, सगळं फिरलो. मी बघितली ती प्रतीक्षाच, तेही तिच्या वडिलांची, म्हणजे गुरुजींची, नजर चुकवून. गोरेगावातून यात्रेची बस निघाल्यापासून ते मला ‘कॉलेज सोडलेला’ अशीच हाक मारून राहिले. परवा बसमध्ये मी उलटून बोललोच. काहून बोललो?

आज पौर्णिमा, त्यांनी अष्टशील घेतलेलं. दुपारी बारानंतर जेवण बंद. डाळभात, तरकारी अन् मुळ्याचं लोणचं समोर आलं तेव्हा त्यांच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. माझ्या मोबाइलमध्ये बारा वाजून पाच. नेपाळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं, अन् त्यांचं घड्याळ तसंच. गप्प बसलो असतो तर पोटभर जेवले असते.

“गुरुजी, इथं बारा वाजून गेले. तुमचं घड्याळ अजून गोरेगावातच हाय.”

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. प्रतीक्षा पुटपुटली, “आजच खरं बोलायचं सुचलं व्हय?”

गुरुजींनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “लाव बराबर. संध्याकाळी आणून दे. अन् कॉलेज काहून सोडलं ते बी सांग. ऐकतो मी.”

काटा केव्हाच पुढं केलाय. कॉलेजातल्या कारकुनाची कॉलर धरली होती, म्हणून सोडावं लागलं, हे सांगीन. मग प्रतीक्षाचंही, खरं तेच. घड्याळ खिशात टाकलं. आता वही मिटतो, बाहेर पडतो अन् दार ओढून घेतो.