चपलेच्या आकाराचा मतदारसंघ

२१ नोव्हेंबर, रविवार

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. पत्र पोचलं. गुडघ्याला नवा पट्टा नीट बसला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. कामाने जीव विटलाय, एवढंच. मतदारसंघांचे नवे नकाशे करून झाले. आता मी जुने कपाटात रचते आहे. दिवसभर बोलायला कुणी नसतं. मला ते चालतं.

तू मागितलेला आपल्या रद्द झालेल्या मतदारसंघाचा इतिहास सोबत जोडलाय. एका पानाचाच झाला. रेल्वेचा कारखाना वाढला तेव्हा कामगारवस्ती शहराच्या मतदारसंघातून वेगळी काढली आणि तिला टेकडीपलीकडची गोदी जोडली. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यामुळे नकाशा चपलेसारखा दिसायचा. इथून संसदेत पहिल्यांदा गेला तो एक फिटर, शेवटची तू. मधल्यांपैकी दोघांबद्दल चांगलं काही सापडलं नाही, म्हणून त्यांची नुसती नावं लिहिली.

विरोधकांनी मतदारसंघ संपवला असं ठळक लिही, म्हणजे तो परत मिळावा या अर्जाला जोर येईल, असं तू लिहिलंस. मी तसं लिहिलेलं नाही. कारखाना बंद पडला, लोक गेले, लोकसंख्या ठरलेल्या मर्यादेच्या खाली आली. विरोधकांना एवढी अक्कल असती तर ते आधीच निवडून आले असते, हे तूच म्हणायचीस.

सीमा आपल्या गल्लीच्या मधोमध जायची, तेही घातलंय. समोरचा न्हावी म्हणजे दुसऱ्या मतदारसंघातला. "खासदारबाई, तुमचा अर्धा रस्ता चकाचक, आमच्या अर्ध्याने काय घोडं मारलंय?" असा दुकानातून ओरडायचा. शनिवारी तुझ्या दारात रांग लागली की तू प्रत्येकाला आधी विचारायचीस, "कुठल्या बाजूचे?" उत्तर काहीही आलं तरी पुढे "बसा." मग ही विचारते तरी कशाला, असं मला लहानपणी वाटायचं.

अजून शनिवारी बसतेस, असं न्हावी फोनवर सांगत होता.

"येतं का कुणी?" मी विचारलं.

"येतात की. चहा पितात, जातात. आता बाईंना काम सांगायची लाज वाटते, आणि न यायचीही वाटते."

नव्या सीमांवरच्या हरकतींच्या सुनावणीबद्दल आपण कधी बोललो नाही. आपलं नातं मी वरिष्ठांना आधीच लेखी कळवलं होतं, म्हणून रेषा ठरवताना मला बाजूला ठेवलं होतं. त्या दिवशी मला फक्त पडद्यावर नकाशे दाखवायचे होते. हरकत घ्यायला तू एकटीच आली होतीस. गुडघा दुखत असताना उभी राहून बोललीस. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "पुढचा नकाशा दाखवा, बाई." माझ्या नोकरीला बोल लागू नये म्हणून तू मला चारचौघांत परकं केलंस, हे तेव्हाच कळलं. मी पुढचा नकाशा दाखवला. त्यात आपला मतदारसंघ नव्हता.

आता अर्जाचं. मतदारसंघ परत मिळाला तर उमेदवार म्हणून तू माझं नाव घातलंयस. माझ्यासाठी वरची खोली रंगवलीस, टेबल खिडकीशी सरकवलंस. आत्या, अर्ज मंजूर होणार नाही. पण झाला तरी मी येणार नाही. खरं तर हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

मतदार यादीतलं माझं नाव मी इकडे हलवलं, तेही आपला मतदारसंघ असतानाच. जे लोक गेले त्यांत मीही आहे. चूक केली असं मला वाटत नाही. एका माणसाने आकडा खाली येत नाही, म्हणून ते इतिहासात घातलेलं नाही. तुला मात्र माहीत असायला हवं, आणि न्हाव्याकडून कळायला नको.

खोली रिकामी ठेवू नकोस. गल्लीतल्या शिंप्याच्या मुलीला अभ्यासाला जागा हवी आहे, तिला दे. अर्जातून माझं नाव काढ. अर्ज मात्र तुला करायचा असेल तर कर. तुला थांब म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि खरं सांगायचं तर तसं म्हणण्याची ताकदही उरलेली नाही.

पुढच्या महिन्यात दोन दिवस येते. भांडायचं असेल तर समोरासमोर भांड, पत्रातून नको. रागात तुझं अक्षर लागत नाही.

पाहुणी म्हणून येणारी, तरी तुझीच,
भाची