पहिल्या परीक्षेत निम्मी चुकवा

गुरुजी,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही जात नाही. कुणावर, तेही धड ठरत नाही. कधी तुमच्यावर, कधी पालघरहून आलेल्या त्या नव्या साहेबांवर. त्यांनी काढलेली ती टूम. दिवाळीनंतर एक परीक्षा, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दुसरी, आणि मधल्या काळात पोरांचे गुण जितके वाढतील तितका मास्तर चांगला. वाढले नाहीत तर मास्तरची बदली डोंगरातल्या शाळेत. ऐकायला किती सरळ. पण तुम्ही आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की आम्हा पाचसहा जणांचे गुण वाढायला जागाच उरली नव्हती. चांगलं शिकवलंत, तेच तुमच्या अंगाशी आलं. घरी काकूंना दिवस गेलेले, अशात त्यांना घेऊन डोंगरात कुठे जायचं, या काळजीनं तुम्ही वाळत चालला होतात. शेवटी एका दुपारी आम्हाला थांबवून घेतलंत, कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीत आणि खाली बघत म्हणालात, "पहिल्या परीक्षेत निम्मी चुकवा."

"पण मला येतात की, गुरुजी," मी म्हणाले.

"येतात म्हणूनच सांगतोय," तुम्ही खेकसलात. त्याआधी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतात.

मी चुकवली. साहेबांनी गुण वाचून दाखवले ते शाळेच्या अंगणात, सगळ्यांच्या आईबापांसमोर. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं, तिथे कामाला जाणारी माणसंसुद्धा खाडा करून आली होती. माझा बापूस होडीवरून थेट आलेला, मागे उभा. तो मला घेऊन घरी आला. मग चुलीपाशी बसून आईला म्हणाला, "हिच्या डोक्यात काय नाय. उद्यापासून बोंबील वाळत घालायला ने हिला." मी रडरड रडले, पण तोंड उघडलं नाही. शपथ होती ना तुमची.

दोनतीन दिवस मी शाळेत दिसत नाही म्हणून तुम्ही घरी येता. आई पाट मांडते, तुम्ही बसत नाही. "पोरगी हुशार आहे, मीच तिला चुकवायला सांगितलं," तुम्ही बापसाला सांगता. बापूस हसतो. "गुरुजी, तुमी माया करता पोरांवर, म्हनून बोलता. साहेबाला काय पडलंय खोटं बोलायचं?" तुम्ही परोपरीनं समजावता. खरं बोलून इतका फजीत झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. शेवटी बापूस म्हणतो, "साहेब बोलला तर मानीन."

आणि तुम्ही खरंच साहेबांना बोलावून आणलंत. एका मुलीची शाळा सुटतेय, तिला पुन्हा एकदा तपासा, एवढंच त्यांना सांगून. फळ्यापुढे मी, खुर्चीवर साहेब, दाराशी बापूस. ते गणितं घालत गेले, मी सोडवत गेले, एकही अडलं नाही.

"मग तेव्हा कशी चुकलीस?" साहेबांनी विचारलं.

"मी सांगितलं होतं, साहेब," तुम्ही म्हणालात.

महिन्याभरात तुमची बदली झाली. अवघडलेल्या काकूंना बैलगाडीत चढवताना आई पदरानं डोळे पुसत होती. मी तेव्हा शाळेत होते.

पुढे मीही मास्तरीण झाले, निवृत्त झाले. कुणामुळे शिकलात असं कुणी विचारलं की मी तुमचं नाव सांगते आणि लोकांना गहिवरून येतं. मला कसंतरीच होतं. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, कपाटात राहील. पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. फळ्यापुढे उभी असताना मला सगळं कळत होतं. पुन्हा निम्मी चुकवली असती तर साहेब गुपचूप पालघरला परत गेले असते, तुम्ही वाचला असतात, आणि मी बोंबील वाळत घालत बसले असते. मी दहा वर्षांची होते, पण एवढं कळत होतं. मी एकही चुकवलं नाही, गुरुजी. आज उभं केलंत तरी चुकवणार नाही.