आजीवन वैध

३ नोव्हेंबर

काढणार नाही! एकही ओळ काढणार नाही.

लेक म्हणते, "आई, रेझ्युमेवर ती जुनी सर्टिफिकेटं नकोत. वर्ष दिसलं की लोक वय मोजतात, पुढे वाचतच नाहीत." मोजू देत! चोरून आणलीत का मी? हीच पोटात होती तेव्हा त्या परीक्षेचा जाडजूड ग्रंथ मांडीवर मावेना, म्हणून उशीवर ठेवून वाचला. सर्व्हर उभा कसा करायचा, सांभाळायचा कसा, आणि शेवटच्या प्रकरणात — बंद कसा करायचा. सगळं तोंडपाठ. सर्टिफिकेटवर स्वच्छ छापलंय : आजीवन वैध. हल्लीची सर्टिफिकेटं दुधाच्या पिशवीसारखी, वर मुदत छापलेली!

"ते सॉफ्टवेअर आता कोणी विकतसुद्धा नाही गं. परीक्षाही बंद झाली."

परीक्षा बंद झाली, मी झाले का? — असं म्हणाले. वाक्य जमलंय. वाचनमंडळाच्या सभेत वापरायला हवं.

६ नोव्हेंबर

ऑफिसने आमचा संगणक विभाग गुंडाळल्यापासून अर्ज पाठवतेय. पोचसुद्धा येत नाही. दुपारी घरात घड्याळाचा आवाज ऐकू येतो. मला हा आवाज ऐकायचा नाही. मला काम हवंय, विश्रांती नको!

औषधांच्या एका मोठ्या गोदामाला सर्व्हर सांभाळणारं माणूस हवंय. रेझ्युमे लेकीकडे दिला. ती नोकरभरतीच्या एजन्सीत आहे, दिवसभर हेच चाळत असते. "नुसते रकाने सरळ करून पाठवते हं," म्हणाली. शहाणी आहे.

११ नोव्हेंबर

मुलाखतीला बोलावलं!

"बघ!" म्हटलं. "जुनी सर्टिफिकेटं बघूनही बोलावलं की नाही?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "छान झालं. फक्त एक कर. तुला मुलाखतीला बोलावलंय, सभेला नाही."

आगाऊ.

१४ नोव्हेंबर

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही.

समोर दोघं. व्यवस्थापक बाई आणि संगणकाचं बघणारा एक दाढीवाला. "तुमच्याबद्दल थोडं सांगा," बाई म्हणाल्या. मी ओळखलं, आता गाडी वयावर येणार. मग आपणच आधी का बोलू नये?

बोलले! "ते जुनं सर्टिफिकेट वाचून तुम्ही मनातल्या मनात माझं वय काढलं असेल. खुशाल काढा. पण इमारतीचा पाया जुना आहे म्हणून तो कोणी उपटून टाकत नाही!" हातही वर गेला असावा, कारण बाईंनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

दाढीवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, कुठलं सर्टिफिकेट? यात तर काहीच नाहीये."

कागद माझ्यापुढे आला. खरंच नव्हतं. शेवटच्या दोन नोकऱ्या, बस. जणू त्याआधी मी जन्मलेच नव्हते.

आता माघार कशी घेणार? सगळी तोंडी सांगितली, एकेक करून. सर्वांत जुन्याचं नाव घेतलं तसा दाढीवाल्याचा पेन थांबला. "त्या सर्व्हरवर तुम्ही खरंच काम केलंय? आमचं शीतगृह अजून त्यावरच आहे." मग तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. त्याने एकदाही नाही.

घरी आले ती पेटूनच. "कुणाला विचारून काढलंस?"

लेक घाबरली नाही. "ते ठेवलं असतं तर बोलावलंच नसतं, आई. मी रोज असेच रेझ्युमे बाजूला टाकते. मला माहीत आहे ना!" तिचा आवाज चिरकला. "तुझा बाजूला पडलेला मला बघवला नसता."

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

१५ नोव्हेंबर

अबोला. चहा मात्र तिनेच केला.

२० नोव्हेंबर

नोकरी मिळाली!! लेक म्हणते कात्रीमुळे, मी म्हणते तोंडामुळे. शेवटी तह झाला : दार तिने उघडलं, आत मी शिरले. तिला एवढंच म्हटलं, उद्या ऑफिसात एखादा जुना कागद बाजूला टाकण्याआधी शेवटपर्यंत वाच. "बरं, भाषण नको," म्हणाली. पण मान हलवली.

१ डिसेंबर

पहिला दिवस. शीतगृहामागच्या खोलीत तो सर्व्हर घुरघुरत होता. अंगावर धूळ, पण चालू! मी हात लावून पाहिला. गरम.

दाढीवाला म्हणाला, "चालवायचा नाहीये, मॅडम. बंद करायचाय. एकही नोंद न हरवता. तेवढं जाणणारं कोणी मिळतच नव्हतं."

हो म्हटलं. शेवटचं प्रकरण अजून पाठ आहे.

काम पुरं झालं की माझ्या मूळ रेझ्युमेवरची या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची ओळ काढेन. मीच. लेकीला हात लावू देणार नाही.