ओट्यावरचं ऊन

७ जानेवारी १९७९, रविवार

पाच पाठी! सकाळी कडी काढून दार उघडलं तर समोर पाच पाठी. माझ्याच ओट्यावर, ओळीने. तोंडं गल्लीकडे, बिड्या पेटलेल्या. म्हटलं, "जरा सरकता का? दूध आणायचंय." मधला हिरालाल — बिडी कारखान्यातला मुनीम — मान न वळवता म्हणाला, "वरून जा ना जी बाई. आमी काय मनाई करून राहिलो?"

वरून! म्हणजे माणसांच्या डोक्यावरून! मी खरंच पदर खोचला आणि एक पाय उचलला. मग ते सरकले. हसतच सरकले.

थोटकं वेचली. एक अजून धुमसत होतं.

९ जानेवारी

राग नीट तपासून पाहिला. उगाच चिडचिड तर नाही? वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस कशावरही चिडतो. धानगिरणीच्या धुराड्याची काजळी वाळत घातलेल्या पातळांवर पडते, त्यावर मी चिडते. घरमालक वासुदेवराव माझं वर्तमानपत्र माझ्या आधी वाचून उलट्या घडीने परत करतात, त्यावर चिडते. गल्लीतून जाणारा प्रत्येक सायकलवाला माझ्या दारापाशीच घंटी वाजवतो, असंही मला वाटतं. हे वाटणं खरं नसणार.

पण ओट्याचं खरं आहे. दोन्ही खोल्या अंधाऱ्या. थंडीत गुडघे धरतात. डॉक्टर म्हणाले, सकाळचं ऊन घ्या. ऊन येतं ते फक्त ओट्यावर, तेही गिरणीच्या भिंतीआड जाईपर्यंत. तेवढ्या वेळात त्यावर पाच माणसं बसलेली असतात.

ऊन तर आमच्या रांगेतल्या सगळ्याच ओट्यांवर येतं. मग माझाच का? उत्तर सोपं आहे. ज्या घरात पुरुष नाही त्या घराचा ओटा म्हणजे बसस्टँड.

११ जानेवारी

आज त्यांच्यात एक नवा होता. मी दाराला कुलूप लावत होते तर त्याने मागून विचारलं, "बाई, आपलं आडनाव?"

"मेश्राम."

"कोणते मेश्राम?"

आलाच! इकडे मेश्राम बऱ्याच जातींत सापडतात. नुसत्या आडनावावरून पुरता पत्ता लागत नाही, म्हणून हा पुढचा प्रश्न. म्हटलं, "तुमसरचे."

"तसं नाही. मूळचे?"

"एकोडीचे."

"तसं नाही जी..."

"मग कसं? बौद्ध आहे. झालं समाधान? आता सरका, शाळेची वेळ झाली."

छप्पन साली नागपूरला वडिलांबरोबर दीक्षा घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. वाटलं होतं, हा प्रश्न आता संपला. तो फक्त जास्त सभ्य झाला.

शेजारच्या सत्यभामाबाई खिडकीआडून सगळं ऐकत होत्या. संध्याकाळी वाटीभर चिवडा घेऊन आल्या, हसू आवरत नव्हतं. म्हणे, "तोंड कसं झालं जी त्याचं! पण तुमी काहून लागता त्याइच्या तोंडी?"

"माझ्या ओट्यावर बसून मलाच विचारतो, म्हणून."

"ओटा का कोणाचा असते बाई?"

हेच सगळे म्हणतात.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन वासुदेवरावांकडे गेले. गोड बोलायच्या दिवशीच बोलावं म्हटलं. सांगितलं, मला सकाळी ओट्यावर बसायचं असतं, त्या मंडळींना तुम्ही एकदा सांगा.

ते मनापासून चकित झाले. "तुमाले? ओट्यावर? बसायचं?"

"हो."

"कायले? आत दोन खोल्या आहेत ना."

"आत ऊन नाही."

"पाहा बाई, माह्या वडलाच्या काळापासून लोक बसतात तिथं. कोणी उठवलं नाही. आता मी उठवू त लोक काय म्हणतील?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मागच्या आंगणात नाही का येत ऊन?"

मागे संडास आहे आणि मोरी. तिथे ऊन येतं, दुपारी. मी शाळेत असते.

तिळगूळ छान होता म्हणाले.

१५ जानेवारी

कोणाला उठवायचं नाही म्हणता? ठीक. कोणाला उठवलं नाही. खुर्ची उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली — त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. बसले. वर्तमानपत्र उघडलं.

गप्पा थांबल्या. एकाने मागे वळून पाहिलं, घाईने बिडी विझवली. "नमस्ते बाई." मीही नमस्ते. दुसरा खाकरला. तिसऱ्याला एकदम काही काम आठवलं. दहा मिनिटांत ओटा रिकामा!

हे मला आधी का सुचलं नाही? बाई खुर्चीवर, म्हणजे उंच, आणि पुरुष खाली तिच्या पायाशी — हे त्यांना झेपेना. मी काहीच बोलले नव्हते.

गुडघ्यांवर ऊन. पूर्ण अग्रलेख वाचला. मीच आधी!

१७ जानेवारी

हिरालाल परत आला. एकटाच. मुद्दाम माझ्या पायाजवळ बसला, बिडी पेटवली.

"बाई, आमच्यात बाया अशा ओट्यावर नाही बसत."

"तुमच्यात नसतील. आमच्यात बसतात."

त्याने तोंड गल्लीकडे वळवलं. मी जिंकले.

दिवसभर ते वाक्य टोचत राहिलं. बसतात? एकोडीला आमच्या घरापुढे ओटा होता. त्यावर बाबा बसायचे, काका बसायचे, दीक्षेच्या सभांची बोलणी तिथेच व्हायची — समतेचीच! आई कधी बसलेली आठवत नाही. ती धान रोवून आली की मागच्या दाराने आत जायची. बांधावर बसायची, पण ते जेवायला. नुसतं बसलेलं तिला मी पाहिलंच नाही.

म्हणजे मी खोटं बोलले. आमच्यातही बसत नाहीत. मी बसते, एवढंच खरं. उद्या तो भेटला तर दुरुस्त करून सांगायचं का?

१८ जानेवारी

सांगितलं. हिरालाल म्हणाला, "कमाल आहे बाई तुमची!" आणि मोठ्याने हसला. पण उठला नाही.

१९ जानेवारी

गिरणीपुढे धानाच्या बैलबंड्यांची रांग लागली आहे. करडीचा एक म्हातारा शेतकरी, तेजराम नावाचा, रात्रभर बंडीवरच होता. ओट्यावर टेकला, मला पाहून दचकून उठला.

"बसा हो."

"तुमी बसल्या आहा ना जी."

"मग काय झालं? ओटा मोठा आहे."

बसला. टेकून डोळे मिटले. घोरायलाच लागला. तेवढ्यात हिरालाल आलाच. "वा बाई! कास्तकाराले बसू देता अन् आमाले उठवता!"

"कुणाला उठवलं? तुम्हीही बसा. मी उठणार नाही, एवढंच."

हे बोलले आणि मलाच नीट कळलं मला काय हवंय ते. ओटा रिकामा नको आहे मला. मला त्यावर बसायचं आहे. तेवढंच. ते एवढं मोठं का होऊन बसलं आहे?

२२ जानेवारी

मुख्याध्यापकांनी बोलावलं. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मेश्रामबाई, गावात बोलून राहिले लोक. एकट्या बाईनं असं रस्त्यावर बसणं... शाळेची प्रतिष्ठा असते."

"ऊन घेतल्याने जाते का सर?"

त्यांनी घंटा वाजवायला सांगितली. वेळ झाली नव्हती.

२३ जानेवारी

आज वासुदेवराव. उभ्यानेच बोलले. "खुर्ची आत घ्या, नाहीतर फेब्रुवारीअखेर जागा खाली करा. मले या वयात नवीन कटकट नको."

जागा. अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन आले तेव्हा सात घरं फिरले होते. सातही ठिकाणी "कोणते मेश्राम?" आणि मग कोणाचा भाऊ येणार होता, कोणाला खोलीत कांदे साठवायचे होते. आठवे वासुदेवराव. त्यांनी विचारलं नाही. विचारलं फक्त, "पाणी इहिरीचं चालते ना?"

आता पुन्हा सात घरं? या गुडघ्यांनी?

आणि त्यांनी विचारलं नाही, याचं ओझं मी किती वर्षं वाहायचं? न विचारणं हा उपकार आहे का? माणूस म्हणून जे करायला हवं तेच त्यांनी केलं. पण बाकी सातांनी तेवढंही केलं नाही, हेही खरं. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. मला हिरालालशी भांडायचं आहे, आणि मध्ये नेमके हे उभे!

२४ जानेवारी

खुर्ची आत.

२५ जानेवारी

आत.

२८ जानेवारी, रविवार

आज सहा पाठी. दाराच्या फटीतून बिडीचा धूर आत येतो. मी चहा पीत होते. बाहेर कोणी तरी म्हणालं, "बाई समजदार आहे पण."

समजदार! सगळ्या शिव्यांत मला हीच जास्त लागली. शाळेत मुलींना आम्ही हेच म्हणतो — समजदार मुलगी. म्हणजे जी सरकते.

कप ठेवला. खुर्ची उचलली. मग आठवलं, आधी तिकडे सांगायला हवं, लपूनछपून नको. तशीच खुर्ची घेऊन वासुदेवरावांच्या दारात गेले. सहाही जण बघत होते.

"वासुदेवराव, जागा सोडणार नाही. ओटाही सोडणार नाही. तुमचे उपकार विसरलेले नाही, म्हणून तोंडावर सांगते आहे."

"म्हणजे तुमी ऐकणारच नाही?"

"नाही."

"मंग मीही येतो!" म्हणाले. आणि खरंच लाकडी स्टूल घेऊन आले! माझ्या खुर्चीशेजारी ठेवलं. बसले, छाती पुढे काढून. "पाहू, कोण आधी उठते!"

मी वर्तमानपत्र उघडलं. ते समोर बघत राहिले. थोड्या वेळाने मान कलती करून माझ्या पानावरच वाचायला लागले. मधलं पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं.

हिरालालची मंडळी गोंधळली. मालक वर, बाई वर — बिडी कोणासमोर ओढायची? एकेक करून पांगले.

ऊन भिंतीआड गेलं तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी उठलो. कोण आधी, ते ठरलं नाही.

३१ जानेवारी

वासुदेवराव रोज येतात. आज विचारून टाकलं, "जागेचं काय ठरवलंत?"

"कोणती जागा?" म्हणाले. "ते पान द्या इकडे."

२ फेब्रुवारी

ओटा स्वच्छ. एक थोटूक नाही. मला गाणं म्हणता येत नाही, तरी म्हटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

सत्यभामाबाई चार दिवस दिसल्या नव्हत्या. आज मागच्या दारात उभ्या. हसल्या नाहीत.

"तुमाले ऊन भेटलं जी. माह्यं दार गेलं."

मला कळेना. मग बाहेर येऊन पाहिलं. हिरालालची सगळी मंडळी त्यांच्या ओट्यावर! माझ्या खुर्चीतून इतके दिवस दिसत नव्हते का? दिसत होते. मी वर्तमानपत्र वाचत होते.

त्यांचे यजमान सेवकराम रेल्वेत, तुमसर रोडला पहाटेची ड्यूटी. बाईंनी सांगितलं तर म्हणाले, "बसू दे ना, ओटा का झिजते?" मुली मोरीवरून शाळेत जातात. पाणीही मागच्या दाराने आणतात.

मी म्हटलं, "उद्या मी तुमच्या ओट्यावर येऊन बसते. आपण दोघी बसू."

त्यांनी मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सासूबाई आहेत ना जी घरात..."

मी म्हटलं, बरं.

अकरा वर्षं. चिवडा येतो, लोणचं येतं, हसणं येतं. सगळं त्यांच्याकडून माझ्याकडे. मी त्यांच्या ओट्यावर कधीच टेकलेली नाही. कोणी मनाई केली नव्हती. मीच कधी गेले नाही. सरकत राहिले, आणि मला ते आज कळतं!

त्यांना विचारून गेले तर त्यांना "नाही" म्हणावं लागेल. न विचारता बसले तर दोष माझा एकटीचा. की ही माझ्याच हट्टाची सोय? घर त्यांचं, सासू त्यांची. मी ऊन खाऊन परत येईन, त्यांना तिथेच राहायचं आहे.

पण माणसं मी तिकडे पाठवली आहेत.

५ फेब्रुवारी

न विचारता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. माणसं उठली. आतून सासूबाई ओरडत होत्या, "कोण बसली वो ते? उठव तिले!" सत्यभामाबाई आत गेल्या. बराच वेळ गेला. मग दार पूर्ण उघडलं — दोन कप चहा. एक मला दिला, दुसरा घेऊन खाली माझ्याशेजारी बसल्या. आत ओरडणं चालूच. बसताना चहा बशीत सांडला. मी पुसायला वाकले तर म्हणाल्या, "राहू द्या जी. प्या."