काठोकाठ भरलेला प्याला

चहाने शीण जात नाही, नुसता दडतो, हे कळूनही माणूस दुसरा प्याला का मागतो? याचं उत्तर माझ्याकडे नाही. परीक्षेच्या दिवसांत मीही मागितला आहे. बाकी सगळं मी, मुनिसा, ट्रकचालक सोबिर यांची मुलगी, वय चोवीस, राहणार कोकंद, पूर्ण शुद्धीत आणि पुरेशी झोप घेऊन लिहीत आहे.

बाबा दोन दिवस झोपलेले नाहीत आणि आज पुन्हा कामचिक घाट चढणार. ऐकत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून जाणार. म्हणून हे मृत्युपत्र.

१. माझी पदवी, घरातली पहिली, भिंतीवरच राहावी. पाहुण्यांना दाखवताना बाबांनी "सहा वर्षं शिकली, झोप का येते ते! मी एका घासात सांगितलं असतं, पुलावामुळे!" हे म्हणू नये.

२. निळी किटली आईला. ती बाबांच्या थर्मासात रिकामी करू नये.

३. वह्या बाबांना. एवढं तरी वाचावं: मेंदूच्या पेशी राबतात तसं अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचतं. ते पेशीवरच्या आपल्या जागी बसलं, की पेशी शेजारणीला निरोप कमी धाडते; तीच पेंग. चहातलं कॅफीन ती जागा अडवतं, पण पेशीला 'हळू' म्हणत नाही. खरा पाहुणा दाराबाहेर, मागे रांग वाढतेच. जागा सुटली की सगळे एकदम आत. तेव्हा ट्रक वळणावर असला तर?

काल हे तोंडीही सांगितलं. बाबा म्हणाले, "मग जागा सुटूच देत नाही. ओत, पोरी." मार्चमध्ये ट्रकचा आरसा घाटाच्या कठड्याला घासून फुटला, त्याचं कारण ते अजून 'वारा' सांगतात!

४. (न्याहारीनंतर लिहिलेलं.) आमच्याकडे पाहुण्याला अर्धा प्याला देणं मानाचं, भरलेला म्हणजे 'आता उठा'. आज मी बाबांचा काठोकाठ भरला.

"मला घालवतेस? माझ्याच घरातून?"

"घरातून नाही बाबा, अंथरुणात."

"आणि माल? तुझी पदवी नेणार?"

"इलहोम-अका नेताहेत. तेही घाटातलेच चालक, आणि काल दिवसभर झोपलेत. किल्ली मी तासापूर्वीच दिली. तुमचा ट्रक फाटकातून गेला, बाबा, आणि तुम्हाला आवाजसुद्धा आला नाही."

बाबा प्याला न उचलता उठले. आता घोरत आहेत. कलम तीन तरीही लागू.

साक्षीदार: सत्तोर-अका, निवृत्त शिक्षक; कोमिला-ओपा, तंदूरवाली. दोघांनाही अर्धाच प्याला दिला.

सही: मुनिसा
कोकंद, ९ ऑक्टोबर