चिठ्ठीवर नाव नाही

७ मे
आजपासून ‘पाकळी’चं काम सुरू. गावच्या हायकू मंडळासाठी खास सोशल नेटवर्क. सभासद बारा, सरासरी वय एकाहत्तर. वर्षअखेरपर्यंत अख्ख्या एहिमे प्रांतातून पाच हजार, असा माझा अंदाज. घरातली पहिली पदवीधर मी. बाबांनी टोफू विकून शिकवलं. ते अकरा वर्षं मंडळात आहेत. पाकळी ही त्यांना माझी भेट.

१४ मे, रविवार
बैठकीला जाऊन निरीक्षण केलं. पद्धत फार जुनी. प्रत्येकाने तीन हायकू बिननावी चिठ्ठ्यांवर लिहायचे. चिठ्ठ्या मिसळून दुसऱ्यांनी उतरवायच्या, म्हणजे अक्षरही ओळखू येऊ नये. मग मतं. मत मिळालेला हायकू वाचला की कवी आपलं नाव सांगतो. बाकीचे कोणाचे, ते कोणी विचारतच नाही. कवीवर केवढा अन्याय. पाकळीवर पहिल्या मिनिटापासून नाव, फोटो आणि मतांचा आकडा.
बाबांनी आज एकदाही नाव सांगितलं नाही. दिवस वाईट असेल. घरी मात्र नेहमीसारखं ‘छान झालं’ म्हणाले.

२ जून
मंडळाचे प्रमुख किताओका गुरुजी यांना डिझाइन दाखवलं. त्यांनी विचारलं, शून्य मतं पडली तर तिथे काय दिसेल? शून्य, म्हटलं. ते बराच वेळ नुसता चहा पीत राहिले. भारावले असावेत.

२१ जून
गुरुजींच्या घरी बिस्किटांच्या डब्यांत अकरा वर्षांच्या मूळ चिठ्ठ्या आणि मतांचे कागद. गुरुजी नव्हते, त्यांच्या सुनेकडून मागून आणले. सभासदांकडून आमच्याकडे आलेल्या नववर्षाच्या कार्डांशी अक्षर जुळवून प्रत्येक चिठ्ठीचा मालक शोधला. बाबांचं अक्षर सोपं. दुकानाची पाटी त्याच अक्षरात आहे.

८ जुलै
बाबांच्या नावापुढे शून्य येतंय. हायकू ३८७, मतं ०. कोडमध्ये नक्की बग आहे. लाँचनंतर बघू.

९ जुलै, रविवार
लाँच. बैठकीतच सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलं. पडद्यावर अकरा वर्षांची क्रमवारी. मग मंडळातल्या इशिमारू काकू म्हणाल्या, ‘अगं, मी पासवर्ड विसरले.’ मग बाकीचेही विसरले. एकाच मिनिटात. लॉगिन सोपं करायला हवं.
बाबा चपला घालून पुढे निघून गेले. दुकानात काम असेल.

११ जुलै
बग नाही. तीनदा तपासलं.

१३ ऑगस्ट, रविवार
बाबा बैठकीला गेले नाहीत. सणाची गर्दी आहे, म्हणाले. आई सोयाबीन निवडत होती. म्हणाली, अकरा वर्षं हीच गर्दी माझ्या गळ्यात टाकून जायचे. मी डेटाची पारदर्शकता वगैरे समजावू लागले. तिने वर न बघता म्हटलं, ‘तुझ्या फीसाठी त्यांनी नवं यंत्र घेतलं नाही. तुला एक शून्य झाकता आलं नाही?’
फॉन्टही जरा मोठाच होता.

२८ ऑगस्ट
पाकळी ‘तात्पुरती’ बंद केली. मग ‘तात्पुरती’ खोडलं. सक्रिय सभासद एक. मीच.
डबे परत दिले. गुरुजी रागावले नाहीत. ते जास्त लागलं. म्हणाले, ‘बाबांना घेऊन ये. आमची वयं झालीत, पोरी. विसरायला वेळ लागत नाही.’

१० सप्टेंबर, रविवार
बाबा आले. मागच्या खुर्चीत बसले. पाहुणी म्हणून मलाही एक मत होतं. छत्तीस हायकूंमध्ये एक असा:

पहाटेचं पाणी
टोफूवाल्याच्या ओंजळीत
थरथरता चंद्र

टोफूवर दुसरं कोण लिहिणार? मत दिलं. इतरांनीही दिलं, सहा पडली. गुरुजींनी वाचला. मी मागे वळून बाबांकडे बघत राहिले, त्यांनी नाव सांगावं म्हणून.
‘इशिमारू,’ काकू म्हणाल्या. त्या रोज सकाळी आमच्याकडून टोफू नेतात.
सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या बाबांनी.
त्यांना आजही एकही मत नाही. उरलेल्यांत त्यांचे तीन कुठले, कोणालाच कळलं नाही. मलाही.
येताना विचारलं. म्हणाले, ‘तुला काय करायचंय?’
घरात शिरताना आईला म्हणाले, ‘छान झालं.’